दोन बोटं कमी केलेली फळी

हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला सांगायचं राहून गेलं, आणि आता ती नाही. मुलाला सांगावं तर तो पुण्याहून फोन करतो तेव्हा जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, एवढ्यावर बोलणं संपतं — आणि खरं सांगू? ते तिथंच संपलेलं मलाही बरं वाटतं. जळगावात दोन खोल्यांचा फ्लॅट, सकाळी फिरणं, दुपारी पेपरातलं शब्दकोडं, संध्याकाळी गॅलरीत खुर्ची. अशा पेन्शनर माणसाजवळ लपवण्याजोगं असून असून काय असणार, असं तुम्हाला वाटेल. शेजारच्यांनाही तसंच वाटतं. ते मला देवमाणूस म्हणतात.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसासमोर माझं तोंड उघडत नाही. दोन-तीनदा प्रयत्न करून पाहिला — घसा खाकरला, सुरुवातही केली, आणि शेवटी केळीच्या भावाबद्दल बोलून उठलो. आम्ही मूळचे रावेरकडचे. केळीच्या भावावर आम्ही कधीही, कितीही बोलू शकतो.

गोष्ट एका फळीची आहे. हसू नका. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर बुडालं नाही. एक सागवानी फळी, बस. पण तिच्यापायी एक चांगला माणूस आयुष्यभर स्वतःच्या अंगाला दोष देत राहिला, आणि दोष खरा कुणाचा हे जगात फक्त मला ठाऊक आहे. आता तुम्हालाही होईल.

मी रेल्वेत होतो, एका शेडमध्ये इंजिनियर. धुळ्याच्या बाजूला जाणाऱ्या मार्गावर तेव्हा आमच्या डिझेलच्या डेमू चालायच्या. डेमू म्हणजे जिला ओढायला पुढं वेगळं इंजिन लागत नाही ती गाडी. ड्रायव्हरच्या पाठीमागं, त्याच डब्यात एक खोली असते, खोलीत इंजिन असतं, आणि खोलीच्या भिंतीपलीकडं लगेच माणसं बसलेली असतात. आम्ही तिला मशीनखोली म्हणायचो. जुन्या गाडीतली ही खोली जवळजवळ अर्धा डबा खाऊन बसलेली असे. मधोमध इंजिन, एका अंगाला कॉम्प्रेसर आणि पाण्याची टाकी, दुसऱ्या अंगाला कंट्रोलचं लोखंडी कपाट — घरात साड्या ठेवतात त्यापेक्षा मोठं — आणि त्यात सतत टकटकणारे रिले, म्हणजे आपोआप उघडझाप करणारे विजेचे खटके. एवढं सगळं मांडूनही इंजिनाच्या कडेनं माणसाला शेवटपर्यंत जाता यावं इतकी गल्ली उरायची. फिल्टर बघायचा, पाइप आवळायचा, पट्टा तपासायचा, तर त्या गल्लीतूनच जावं लागे.

त्या गल्लीचे राजे इस्माईल मिस्तरी.

मिस्तरी धुळ्याचे. वडील कापसाच्या जिनिंगमधली इंजिनं दुरुस्त करायचे, तेव्हा हा हात घरातूनच आलेला. तरुणपणी कुस्त्या खेळलेले. खांदे असे की मशीनखोलीच्या दारातून आत यायला लागले की आतला उजेड कमी व्हायचा. डेमूबरोबर जो फिटर रोज प्रवास करतो — वाटेत काही बिघडलं तर बघायला — तो म्हणजे मिस्तरी. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे की चौथा सिलेंडर कुरकुरतोय. मी नवा होतो तेव्हा मला हे सगळं नाटक वाटलं. चौथा सिलेंडर उघडला तेव्हा वाटेनासं झालं.

मला जे इंजिन येतं ते त्यांनी शिकवलं. पुस्तकातलं मी शिकून आलो होतो, पण पुस्तकातल्या इंजिनाला घाम येत नाही. पहिली दोन वर्षं मी मुद्दाम त्यांच्याबरोबर फेऱ्या मारायचो. दुपारची वेळ झाली की ते डबा इंजिनाच्या झाकणावर ठेवायचे, दोन स्टेशनं जाईपर्यंत तो गरम व्हायचा, आणि मग आम्ही हत्यारांच्या पेटीवर बसून जेवायचो. कळण्याची भाकरी, भरीत, हिरवा ठेचा. त्यांचं जेवण म्हणजे बघत राहावं असं. पाच भाकऱ्या सहज, सहावी माझ्या पुढ्यात टाकून. मी नको म्हटलं की म्हणायचे, "खा भाऊ. पोट भरनं ते डोकं चाली." माझी बोली रावेरकडची, त्यांची धुळ्याकडची अहिराणी, मी त्यांना चिडवायचो, ते मला. गाडी कपाशीच्या शेतांमधून चाललेली, खोलीत कानठळ्या बसतील एवढा आवाज, आणि त्या आवाजात आम्ही दोघं ओरडून गप्पा मारत जेवतोय. तेवढं सुखाचं जेवण मी नंतर कुठं जेवलो असेन असं वाटत नाही.

पाहा — सांगायचं एक आहे आणि मी जेवणावर बोलतोय.

तर फळी. आमच्या शेडमध्ये एक पद्धत होती. गाडीत काहीही नवं बसवलं की गल्ली पुरेशी रुंद राहिली की नाही हे टेपनं मोजून कुणी मानायचं नाही. टेप एका जागी मोजतो. मधेच एखादा नट पुढं आलेला असतो, एखादा पाइप वळलेला असतो. म्हणून एक फळी होती, माणसाच्या उंचीची, खांद्याशी रुंद. ती उभी धरून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची. कुठं अडली नाही तर गाडी पास. तिचं नाव जावई. जावई आला की घरातल्या सगळ्यांनी सरकून जागा द्यायची, तसं जावयाला वाट मिळेल अशी सगळी यंत्रं मांडायची. जावई गेला का, असं विचारायचे. गेला म्हटलं की सही.

आणि ही फळी कुणाच्या मापाची होती? शेडच्या म्हाताऱ्या सुतारानं ती कापली तेव्हा त्यानं सगळ्यांत रुंद माणूस बोलावला आणि भिंतीशी उभा करून पेन्सिलनं खुणा केल्या. ज्यात हा जाईल त्यात कुणीही जाईल, असा त्याचा हिशेब. तो माणूस म्हणजे नुकतेच नोकरीला लागलेले इस्माईल मिस्तरी. खांद्याच्या दोन्ही अंगांना सुतारानं एकेक बोट जास्त ठेवलं. माणूस श्वास घेतो, हातात पाना असतो, वळावं लागतं — त्यासाठी ते एकेक बोट. मिस्तरी हे नव्या पोरांना कौतुकानं सांगायचे. फळीला पाठ लावून उभे राहायचे आणि दोन्हीकडं बोट घालून दाखवायचे.

मग नवं यंत्र आलं.

त्याचा दोष नव्हता, हे आधीच सांगतो. फार चांगलं यंत्र. ते लोखंडी कपाट, ते शेकडो रिले, त्या तारांचे जुडगे — हे सगळं करायचं काम आता एक डबा करणार होता, जुन्या कपाटाच्या चौथाईएवढा. इंजिनाला डिझेल किती द्यायचं तेही आता आतला कॉम्प्युटर ठरवणार. वरच्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं: यंत्र लहान झालं तर खोली लहान करा, भिंत पुढं सरकवा, मोकळ्या झालेल्या जागेत बाकं टाका. सकाळच्या गाडीला धुळ्याला जाणारी पोरं दारात लोंबकळत जायची, बाया भाजीच्या पाट्या मांडीवर घेऊन उभ्या राहायच्या. त्यांना बसायला मिळणार होतं. यात वाईट काय? काहीच नाही. नकाशा काढायचं काम माझ्याकडं आलं. पहिल्याच नकाशावर साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी त्या आठवड्यात घरी जरा मोठ्यानंच बोलत होतो, असं बायको म्हणायची.

चूक माझी झाली ती इथं. यंत्राच्या डब्याची लांबी, रुंदी, उंची सगळी पुस्तकात दिलेली होती, ती मी उतरवून घेतली. पण त्या डब्याच्या मागून मनगटाएवढ्या जाड केबली निघत होत्या. जाड केबल काटकोनात वळत नाही. तिला वळायला जागा द्यावी लागते, म्हणजे डबा भिंतीपासून पुढं ओढून बसवावा लागतो. हे कुठं लिहिलेलं नसतं. हे कारागिराला ठाऊक असतं. मिस्तरींना विचारलं असतं तर त्यांनी हातात केबल घेऊन दाखवलं असतं. मी विचारलं नाही. का नाही? तेव्हा मला वाटायचं की कॉम्प्युटरचं मिस्तरींना काय कळणार.

डबा बसला, भिंत वेल्ड झाली, बाकं ठोकली गेली, रंगही झाला. नव्या गाडीला हिरवा झेंडा दाखवायची तारीख ठरली. आणि मग मी एकटाच आत जाऊन टेप लावला. गल्ली दोन बोटं कमी होती. पुन्हा लावला. दोन बोटं.

आता तुम्ही विचाराल, सांगितलं का नाही? सांगता आलं असतं. भिंत कापून मागं घ्यावी लागली असती, एक बाक गेलं असतं, तारीख पुढं गेली असती, मला मेमो मिळाला असता. कदाचित बढती वर्षभर लांबली असती. एवढंच. मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो की मला नोकरीची भीती वाटली. खोटं आहे ते. मला लाज वाटली. ज्यांच्यासमोर पाठ थोपटून घेतली त्यांच्यासमोर ती पाठ वाकवायची लाज.

तो सुट्टीचा दिवस होता, भर उन्हाळ्यातली दुपार. शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं; वॉचमन गेटवर पंख्याखाली झोपलेला. मी स्टोअर उघडलं, खुंटीवरची फळी काढली आणि सुताराच्या बाकावर आडवी टाकली. दोन्ही कडांना पेन्सिलनं रेघ मारली — एकेक बोट आत. मग करवत चालवली. मग रंधा मारला. जुन्या सागाचा आतून किती छान वास येतो ते त्या दिवशी कळलं. कडा पांढऱ्या दिसत होत्या, म्हणून जळकं ऑइल आणि जमिनीवरची धूळ चोळली, पुसली, पुन्हा चोळली. भुसा पोत्यात भरला. तासाभरात काम झालं. मी सुतारकाम कधी केलेलं नव्हतं, पण अशी सफाई आली की काय सांगू.

हेच ते. हेच सांगायचं होतं. पण इथं संपत नाही, संपलं असतं तर मी कदाचित विसरलोही असतो.

दोन दिवसांनी साहेबांसमोर फळी गाडीत न्यायची वेळ आली. न्यायचा मान मिस्तरींचा, कारण फळी त्यांच्या अंगाची. त्यांनी ती खुंटीवरून काढली, हातात एकदा वरखाली केली आणि माझ्याकडं पाहिलं. "फळी हलकी लागी राहिनी, भाऊ."

मी म्हटलं, उन्हाळा आहे, मिस्तरी, लाकूड सुकतं.

त्यांनी मान डोलावली. दोन वर्षं ज्याला हाताला धरून शिकवलं, तो सांगतोय म्हटल्यावर ते आणखी काय करणार होते? फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. कुठं घासलीसुद्धा नाही. जावई गेला, असं कुणीतरी मोठ्यानं म्हटलं, माणसं हसली, साहेबांनी सही केली. तिच्या खाली मी सही केली.

गाडी चांगली चालली. हेही सांगायला हवं. नव्या बाकांवर पहिल्या दिवशी पाट्यावाल्या बाया बसल्या, त्यातल्या एकीनं बाकावर हात फिरवून पाहिला. मी प्लॅटफॉर्मवरून बघत होतो आणि मला खरंच आनंद झाला. बारीक अंगाचे फिटर गल्लीतून सुळकन जात-येत होते. मिस्तरींना मात्र तिरकं होऊन जावं लागे. दोन्ही खांदे घासायचे. मशीनखोलीत आता बसायला जागा नव्हती, पेटी ठेवायला नव्हती, डबा गरम करायला झाकणही उघडं नव्हतं. ते डबा घेऊन माणसांमध्ये बसून थंड भाकरी खायचे. मी त्यांच्याबरोबर फेरीला जायचं बंद केलं. कामं वाढलीत असं सांगितलं.

पावसाळा संपता संपता ते झालं. गाडी दोन स्टेशनांच्या मधे, आणि गल्लीच्या अगदी टोकाला पाण्याचा पाइप फुटला. इंजिन तापायला लागलं. मिस्तरी आत घुसले, पाइपापर्यंत पोचले, वाकून पाना लावला, आणि तोंडावर वाफ आली. कुणीही मागं सरकेल तसे ते मागं सरकले. पण सरकायला जागा नव्हती. खांदे अडकले, आणि उजवा हात धुराच्या तापलेल्या पाइपावर दाबला गेला. सुटेना. ड्रायव्हर आणि गार्डनं पाय धरून ओढून बाहेर काढलं तोवर कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गेली होती. एक बोट जास्त असतं तर हात निघाला असता. हे मी कल्पनेनं सांगत नाही. नंतर मी आत जाऊन त्याच जागी उभा राहून पाहिलंय.

चौकशी झाली. चौकशीत पहिला प्रश्न तोच — जावई जातो का? फळी आणली, नेली, गेली. म्हणजे जागा बरोबर. मग अडचण कुठं? अहवाल लिहायचं काम पुन्हा माझ्याकडं. मी लिहिलं की मार्गाची रुंदी मापाप्रमाणे योग्य असून, सदर कर्मचाऱ्याचे शरीर वयोमानाने वाढल्याने तो अडकला. माझं अक्षर चांगलं आहे, लहानपणापासून सगळे म्हणतात.

दवाखान्यात मी मिस्तरींना भेटायला गेलो. हाताला पांढरं गुंडाळलेलं, चेहरा सुजलेला. मला वाटलं, ते विचारतील. त्यांनी विचारावं असंही वाटलं — विचारलं असतं तर कदाचित मी बोललो असतो. कदाचित. ते माझ्याकडं बघून ओशाळं हसले. "जागा तीच शे, भाऊ. मीच जाडा व्हई गऊ."

फळी माझ्याच अंगाची ना, मग फळी जाते आणि मी जात नाही म्हणजे वाढलं कोण, असं ते मला समजावून सांगत होते. मला! मी खुर्चीवर बसून मान डोलावली. मग त्यांच्यासाठी नेलेली मोसंबी सोलली आणि त्यांना एकेक फोड दिली.

हात बरा झाला, पण मूठ पूर्वीसारखी वळेना. गाडीवरचं काम गेलं. मी खटपट करून त्यांना स्टोअरमध्ये बसवलं — नटबोल्ट द्यायचे, घ्यायचे, वहीत लिहायचं. शेडभर ते सांगत सुटले की भाऊंनी माझी नोकरी वाचवली. त्यांच्या बायकोनं, फातिमाभाभींनी, ईदला शीरखुर्मा पाठवला. पातेलं परत द्यायला मी गेलो तेव्हा भाभी दारातच हळू आवाजात म्हणाल्या की यांना तुम्हीच समजवा, एक भाकरी खाऊन उठतात, दुसरी वाढली की ताटावर हात आडवा धरतात. मी म्हटलं, समजावतो. काय समजावणार होतो? पोटभर खा, तुमच्या अंगात काही चूक नाही, हे सांगायला मला पुढचंही सांगावं लागलं असतं.

आणि फळी तिथंच, स्टोअरमध्ये, त्यांच्या टेबलासमोरच्या खुंटीवर. हा विचार मी केला नव्हता. एकदा दुपारी काहीतरी मागायला गेलो तर ते टेबलापाशी नव्हते. फळी भिंतीशी उभी केलेली, तिला पाठ लावून मिस्तरी उभे, आणि खांद्याच्या कडेला डावं बोट घालून बघताहेत. बोट जात नव्हतं. तोवर ते इतके उतरले होते की शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा. गाल बसलेले, गळ्याच्या शिरा वर आलेल्या. मी दिसल्यावर ते जरा लाजले आणि म्हणाले, "हाड बी वाढतस का, भाऊ?"

मी हसलो. काय करणार? हसलो. वय झालं की काहीही होतं, असं म्हणालो, आणि जे मागायला आलो होतो ते न घेताच परत फिरलो. त्यानंतर त्यांना तसं उभं असलेलं मी आणखी कितीदा पाहिलं ते सांगत नाही. काचेतून दिसायचं. मी वाट बदलली, लांबच्या दारानं यायला लागलो.

पुढच्या तीन गाड्या त्याच फळीवर झाल्या. यंत्रं आणखी लहान आली, खोल्या आणखी लहान झाल्या, आणि प्रत्येक गल्लीतून जावई छान गेला. नवे फिटर तिरकं चालायलाच शिकले. त्यांना वाटायचं, मशीनखोलीत असंच चालतात. त्यांच्यातल्या कितींचे कोपर भाजले, कितींच्या बरगड्या घासल्या — छोट्या गोष्टी, मलम लावून मिटणाऱ्या. मी मोजत होतो, पण कुणाला सांगत नव्हतो. मला बढती मिळाली. मग विजेच्या गाड्या आल्या, डिझेलच्या भंगारात गेल्या आणि फळीही त्याच लिलावात गेली. आता ती कुणाला मोजता येणार नाही. ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते. बायकोनं विचारलं कशाचे, तर म्हटलं असेच. तेव्हाही सांगता आलं असतं, नाही का? ती जमिनीवर बसून भाजी निवडत होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी पेढा तिच्या तोंडात घातला.

बायको गेल्यावर मला वाटलं होतं की आता घरात कुणी नाही, आता तरी हे मनातल्या मनात गप्प बसेल. उलटं झालं. एकट्या माणसाला गप्पा मारायला याच्याशिवाय दुसरं कुणी नसतं. जेवायला बसलो की दुसरी पोळी घेताना हात थांबतो. भूक असते. तरीही थांबतो.

गेल्या वर्षी मिस्तरी माझ्याकडं आले. तीन जिने चढून, एकटे, धुळ्याहून बसनं. दार उघडलं तर मी क्षणभर ओळखलं नाही. दाढी पांढरी, अंगावर नवा कुर्ता, आत माणूस उरलेलाच नाही असा. खांदे मात्र तेवढेच, हाडांचे. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, चहा केला. केळी पुढं ठेवली तर त्यांनी एक घेतलं, मधोमध मोडलं आणि अर्धं परत ठेवलं.

इकडचं तिकडचं झालं. भाभींचे गुडघे, माझा बीपी, शेडमधलं कोण कोण गेलं. मग ते खुर्चीवरून उठून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, निघाले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. उजव्या हाताची कातडी अजून ताणलेली, गुळगुळीत लागत होती.

त्यांच्यात पद्धत आहे. हजला निघायच्या आधी माणूस ओळखीच्या प्रत्येकाकडं जातो आणि माफी मागून घेतो. कुणाचं मन दुखावलेलं घेऊन तिथं जायचं नसतं. हे मला ठाऊक होतं. तरी ते बोलायला लागेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की ते कशासाठी आलेत.

"मी हजले जाई राहिनू, भाऊ," ते म्हणाले. "काही चुकनं व्हई ते माफ करा."

मी म्हटलं, तुमचं काय चुकणार, मिस्तरी.

"नही. मना आंगमुळे तुमनी गाडीले बट्टा लागना. चौकशी बठनी, तुम्हले खाली मान घालनी पडनी. तेवढं मनमा राही गयं."

घरात आम्ही दोघंच होतो. खिडकीबाहेर ऊन होतं. त्यांनी हात सोडले नव्हते. एक वाक्य पुरलं असतं — फळी मी कापली. तीन शब्द. मी ते तोंडात जुळवलेही. त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं, त्या चेहऱ्यावर माझ्याविषयी एवढा आदर होता की मला तो सोडवेना. खरं कारण एवढंच. त्यांना त्रास होईल, या वयात धक्का बसेल, हे मी नंतर जुळवलं. त्या घडीला मला फक्त माझा मान हवा होता.

"माफ केलं," मी म्हणालो.

त्यांनी हात जरा घट्ट धरले. डावा घट्ट, उजवा जमेल तेवढा. "दिलसे ना, भाऊ?"

"दिलसे."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मला कडकडून भेटले, आणि हलक्या अंगानं जिना उतरून गेले. हज करून ते सुखरूप परत आले. जळगावला येणाऱ्या एका नातेवाइकाच्या हाती त्यांनी माझ्यासाठी खजूर पाठवले. ते मी खाल्ले. धुळ्याला मी अजून गेलेलो नाही.